मातृभक्ताच्या नावाला गंज

आईच्या वर्षश्राद्धाला दीडशे स्टीलच्या कळशा वाटायचं सावळारामने ठरवलं, तेव्हा डिंगोऱ्यातल्या लोकांना जरा चमत्कारिकच वाटलं. कारण म्हातारीची शेवटची सहा वर्षं खोडदला लेकीकडे, रत्नाकडे गेली होती. लोकांनी नेमकं हेच विसरावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा.

नावं घालायला तो नारायणगावात हौशीरामच्या दुकानात गेला. हौशीरामने नुकतंच लेसरचं मशीन आणलं होतं. वर बारीक अक्षरांत 'कै. ठकूबाई यांच्या स्मरणार्थ' आणि खाली ठसठशीत 'मातृभक्त सावळाराम', असा मजकूर ठरला.

"माझं नाव अजून काळं कर," पहिली कळशी बघून सावळाराम म्हणाला.

"भाऊ, स्टीलवर एक बारीक पापुद्रा असतो, त्यानं गंज धरत न्हाई. हलकं मारलं तर तो टिकतो. लई भाजलं की जळतो, मग गंजतंय."

"मग आईचं हलकं मार. माझं भाज."

हौशीरामने भाजलं. गिऱ्हाइकाशी कोण हुज्जत घालणार?

दोन महिने दीडशे घरांत पाणी भरून भरून 'मातृभक्त सावळाराम' तांबडं झालं. ठकूबाई मात्र लखलखीत. नळावर बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पारगावच्या भाच्याने तर भर लग्नात, पंगतीत विचारलं, "मामा, आजीच्या नावाला काय न्हाई झालं. तुमचंच कसं गंजलं?"

मामा भरल्या पानावरून उठला. दुसऱ्या दिवसापासून तो लोखंडी घासणी घेऊन घरोघर हिंडू लागला. घासणीचेच कण स्टीलमध्ये रुतले आणि गंज दुप्पट पसरला. आता त्याचं नाव अंगणातूनसुद्धा दिसायचं.

रत्नाकडे तो तीनदा गेला. तिसऱ्या खेपेला घासायला लिंबू आणि रांगोळी घेऊन.

"दे इकडं कळशी. आज काढतोच."

रत्नाने कळशी दिली नाही. पाट मांडला, चहा ठेवला.

"दादा, आई सहा वर्षं त्या खाटंवर व्हती. सण आला की दाराकडं बघत बसायची. तू एकदाबी आला न्हाईस."

"कामं व्हती गं."

"व्हय. आन आता म्हैन्यात तिसऱ्यांदा आलास." तिने कळशी काठोकाठ भरली आणि जागेवर ठेवली. "गंजू दे. येत तरी जाशील."