वजा दोन मेलेले

१९९७ सालच्या मार्चमध्ये डेस्मंड थ्वेटच्या हातून दोन माणसं जिवंत झाली. त्याला त्याचा अजिबात आनंद झाला नाही.

यॉर्कशायरमधल्या आमच्या विद्यापीठात औषधांचं अर्थशास्त्र पाहणारा एक विभाग होता. विभाग कसला, बॉयलरच्या वरच्या तीन खोल्या. हिवाळ्यात तिथे सगळ्या इमारतीची माणसं ऊब घ्यायला येत. एखादी गोळी सरकारने विकत घ्यावी की नाही, हे तिथे गणिताने ठरायचं. पद्धत अशी, की कागदावर हजार माणसं घ्यायची आणि त्यांना तीन घरांत फिरवायचं : धडधाकट, आजारी, मेलेले. वर्षभरात या घरातून त्या घरात किती जातात, याचा एक तक्ता गोळीवाल्या कंपनीकडून येई. तिसऱ्या घरातून कोणी परत येत नसे. निदान एवढी एक गोष्ट त्या शास्त्रात जगासारखी होती.

डेस्मंडची नेमणूक जूनमध्ये संपत होती. हृदयविकाराच्या एका नव्या गोळीचं काम औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी समितीपुढे नीट पार पडलं, तर तो कायम होणार होता. नाही तर मेहुण्याचं रॉदरहॅममधलं गालिच्यांचं दुकान त्याची वाट पाहत होतं. हा मेहुणा, क्लिफर्ड, दर रविवारी जेवणावर यायचा आणि ताटात ग्रेव्ही ओतता ओतता विचारायचा, "काय दाजी, मेलेले मोजून झाले का? आमच्याकडं या, जिवंत गिऱ्हाईक दाखवतो." डेस्मंड मान खाली घालून बटाटे खायचा.

बैठकीच्या आठवडाभर आधी समितीने कळवलं, की हिशेब वर्षावारी नको, महिनावारी हवा.

"मग बारानं भागतो," डेस्मंड म्हणाला.

विभागप्रमुख प्रोफेसर एनिड बॅरक्लफ चष्म्यावरून बघत राहिल्या. "भागाकार शाळेतली पोरं करतात, डेस्मंड. आपण मूळ काढतो."

म्हणजे एक महिन्याचा असा तक्ता शोधायचा, जो लागोपाठ बारा वेळा लावला की वर्षाचा तक्ता तंतोतंत हाती येईल. डेस्मंडने तो शोधला. वर्षअखेरचा आकडा चोख जुळला. त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने डबा उघडून पार्किन नावाच्या आल्याच्या केकचा तुकडा तोंडात टाकला. मग त्याची नजर पहिल्या महिन्याच्या ओळीवर गेली आणि त्याने डबा बंद केला. मेलेले : वजा दोन. जिवंत : एक हजार दोन.

"एनिड, दोघं परत आलेत," त्याने जाऊन सांगितलं.

"कुठून?"

"तेच तर कळत नाही. तिकडं अजून कुणी गेलेलंच नाही."

एनिडनी कागद पाहिला. "मग तिथं शून्य लिही."

त्याने शून्य लिहिलं. आता मेलेलं कोणी नव्हतं, पण हजार माणसांची एक हजार दोन झाली होती. जास्तीचे दोघे धडधाकटांतून वजा केले, तर वर्षअखेरचा आकडा हलला. आजारी कमी केले, तर गोळी एकदम स्वस्त ठरली आणि गोळीवाली कंपनी खूश होईल या विचारानेच एनिडचं डोकं चढलं. दोन जिवांना कुठेच जागा मिळेना. डेस्मंड घरी जाऊन बायकोपुढे, नॉर्मापुढे, कपाळाला हात लावून बसला.

"अहो, दोनच तर आहेत," नॉर्मा म्हणाली. "त्याचं एवढं काय?"

"अगं, एक असता तरी मी मेलोच असतो."

शेवटी एनिडनीच तोड काढली. तेव्हा आकडे पारदर्शक फिल्मवर छापून, ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवून भिंतीवर दाखवत. "पहिल्या महिन्यावर एक कोरा कागद ठेव," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या महिन्यापासनं सगळे रीतसर मरतायत."

बैठक हॅरोगेटच्या एका हॉटेलात होती. डेस्मंडने कोरा कागद ठेवला, सगळं सांगितलं आणि तो बसणार, तोच रुग्णांच्या वतीने समितीवर असलेल्या मिसेस हेस्केथ यांनी हात वर केला.

"पहिला महिना कुठंय हो?"

"तो... तसा महत्त्वाचा नाही, बाई."

"आमचे हॅरल्ड पेन्शनीच्या पहिल्याच महिन्यात हार्टनं गेले. मला महत्त्वाचा आहे."

डेस्मंडने कागद उचलला. भिंतीवर हातभर मोठं 'वजा दोन' उमटलं. कोणीतरी हसलं, कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहून जेवणाची सुट्टी जाहीर केली.

"मी जातो, एनिड," डेस्मंड म्हणाला. "कायमचाच."

"बरं," एनिड म्हणाल्या. इतक्या चटकन, की त्याला लागलं.

हॉटेलच्या दाराशी फोन होता. त्याने तिथून क्लिफर्डला फोन केला. "येतो मी दुकानात. सोमवारपासून."

"शाब्बास, दाजी! शब्द?"

"शब्द."

इकडे अंड्याच्या सँडविचच्या टेबलाशी समितीचे जुने संख्याशास्त्रज्ञ डॉ. आयन्सली मिसेस हेस्केथना हळूच विचारत होते, "हॅरल्ड गेले ते कुठं?"

"घरीच. अगदी ठणठणीत होते हो. हिरवळ कापून आले आणि जिन्यात बसले ते बसलेच. हॉस्पिटलात नेलंच नाही. न्यायचं काय होतं?"

आयन्सलींनी सँडविच बशीत ठेवलं.

सुट्टीनंतर डेस्मंड आपले कागद आवरायला आत आला, तोच आयन्सली उभे राहिले. "कंपनीचा तक्ता हॉस्पिटलच्या नोंदींवरनं केलाय. धडधाकट माणूस घरीच गेला, तर तो त्यात येतच नाही. तक्त्यात मेलेले कमी पडलेत, आणि कमी पडले ते गणित आता उसने मागतंय. थ्वेट, वर्षाच्या हिशेबात हे जन्मात दिसलं नसतं!"

टाळ्या पडल्या. एनिड बॅरक्लफ ताडकन उठल्या. "म्हणूनच आमच्या विभागानं ती ओळ मुद्दाम राखून ठेवली होती."

डेस्मंड फोनकडे पळाला.

"नॉर्मा, क्लिफला सांग, रद्द! मी कायम होतोय इथं!"

"अहो, कसं सांगू? त्यानं जुन्या माणसाला आत्ताच निरोप दिला. आणि आईला कळवलं. आई रडली हो आनंदानं. म्हणाली, शेवटी एकदाचा जावई कामाला लागला."

डेस्मंडने फोन खाली ठेवला. सोमवारी तो गालिच्यांच्या दुकानात उभा होता.

ती गोळी दोन वर्षांनी, घरीच मेलेली माणसं मोजून, रीतसर मंजूर झाली. मिसेस हेस्केथ समितीवर राहिल्या आणि कोणी काही झाकलं की हात वर करत राहिल्या. डॉ. आयन्सली मात्र १९९७च्याच हिवाळ्यात वारले. नॉर्माची आई मरेपर्यंत जावयाचं कौतुक सांगत होती. एनिडनी त्या प्रकारावर निबंध लिहिला, आणि उणे मेलेले शोधायच्या त्या रीतीला पुढे सगळे 'बॅरक्लफ कसोटी' म्हणू लागले.

२००९ साली मंदीत क्लिफर्डचं दुकान बुडालं. अठ्ठावन्न वर्षांच्या डेस्मंडने सूट इस्त्री करून आमच्याच विभागात मुलाखत दिली. समोरची पोरं चांगली होती. त्यांनी चहा विचारला, खुर्ची पुढे केली, आणि मग एकीने अदबीने विचारलं, "तुम्हाला बॅरक्लफ कसोटीची काही माहिती आहे का?"

"थोडीफार," डेस्मंड म्हणाला.

त्यांना जास्त माहिती असलेला माणूस हवा होता.