तीन नंबर कोर्टातले नळदुर्गकर

नळदुर्गकर कुजबुजत बोलायचे. कोर्टात ते ठीकच होतं, न्यायाधीशांच्या कानाशी वाकून बोलणं हेच आमचं काम. पण दसऱ्याच्या पूजेसाठी आम्ही जामबागेत झेंडू आणायला गेलो, तेव्हाही ते फुलवालीच्या टोपलीवर अदबीनं वाकले आणि हळूच काहीतरी म्हणाले. ती बिचारी गडबडली, तिनं कान पुढं केला आणि मग तीही कुजबुजतच भाव सांगू लागली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले, चोरीचा माल विकला जातोय की काय म्हणून. परतताना ऑटोवाला म्हणाला, "ज़रा ज़ोर से बोलो साब." नळदुर्गकर जोरानं बोलले नाहीत. त्याच्या आणखी जवळ गेले.

आम्ही दोघंही हैदराबादच्या एका कोर्टात कोर्ट ऑफिसर. जुने वकील आम्हाला अजून पेशकारच म्हणतात. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसायचं, दिवसाच्या फायली क्रमानं लावायच्या, प्रकरण पुकारलं की फाईल वर द्यायची, तारीख लिहून घ्यायची, आणि साहेबांना काही आठवत नसेल तर त्यांनी विचारायच्या आत आठवून द्यायचं. काम दोघांचं एकच. पण नळदुर्गकर तीन नंबरला, म्हणजे सगळ्यात वरिष्ठ न्यायाधीशांच्या समोर, आणि मी आठ नंबरला, जिन्याखाली, जिथं पंखा फिरताना वकिलांपेक्षा जास्त युक्तिवाद करतो.

मी त्यांच्यावर जळायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज नको. मी संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन एलएलबी केलं होतं. माझं इंग्रजी टायपिंग चांगलं, आवाज खणखणीत. नळदुर्गकर साधे बीए, तेही उर्दू घेऊन. तरी नवा कुठलाही न्यायाधीश आला की आठवड्याभरात म्हणायचा, "आस्क नळदुर्गकर." जणू त्या इमारतीत दुसरा माणूसच नव्हता.

आणि त्यांचं कौशल्य तरी काय, तर ते न्यायाधीशांचे कान बघायचे. "चेहरा काही सांगत नाही मुखेडकर, चेहरा त्यांनी सांभाळलेला असतो. कान बघा." एका साहेबांचे कान लाल झाले की वकिलाला तारीख मिळणार, हे नळदुर्गकरांना दहा मिनिटं आधी कळायचं आणि ते पुढची फाईल हातात घेऊन बसायचे. दुसऱ्या एका साहेबांना प्यायचं पाणी कोमट लागे. नळदुर्गकर पेल्याला हाताची पालथी बाजू लावून बघायचे, तान्ह्या बाळाचं दूध बघावं तसं. ते साहेब बदली होऊन दुसऱ्या शहरात गेले, तर तिथून त्यांच्या पेशकाराचा फोन आला, पाणी नेमकं किती कोमट. मी समोरच उभा होतो. नळदुर्गकरांनी फोनवर पाण्याचं वर्णन केलं, ते पाच मिनिटं चाललं.

त्यांचा एक शब्द ठरलेला होता, "नोंद घेतली." कँटीनवाला म्हणाला, आज इडली संपली, नोंद घेतली. मी सांगितलं, मला बढती मिळाली, वरिष्ठ श्रेणी. ते उभे राहिले, हात मिळवला आणि म्हणाले, "नोंद घेतली." मला चार दिवस त्यातला कुत्सितपणा सापडला नाही. पण तो असणार, अशी माझी खात्री होती.

आणखी एक खोड म्हणजे पाठीमागं कुठलंही दार वाजलं की ते अर्धे उठायचे. न्यायाधीश त्यांच्या दालनातून येतात तेव्हा उठायची वर्षानुवर्षांची सवय. आबिड्सला एका इराणी हॉटेलात आम्ही चहा घेत होतो. आमचं टेबल नेमकं स्वयंपाकघराच्या दाराशी. वेटर आत-बाहेर करत होता आणि नळदुर्गकर दर वेळी अर्धे उठून बसत होते. चहा संपेपर्यंत ते मोजून एकवीस वेळा उठले. तेवढ्या वेळा मी मोजलं, यावरून माझी काय अवस्था होती ते लक्षात येईल.

एकदा ते तापानं आजारी पडले आणि एक दिवस तीन नंबरला मला बसवलं. मी रात्री सगळ्या फायलींचा क्रम पाठ करून गेलो होतो. अकराच्या सुमाराला मी चौदा नंबरच्या जागी चोवीस नंबरची फाईल वर दिली. पाणी गार दिलं. मग चूक सुधारावी म्हणून दुसरं दिलं, ते इतकं गरम की साहेबांनी पेला ठेवला आणि ओठ पुसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी मला चार वेळा विचारलं, "नळदुर्गकर उद्या येतील ना?" त्या दिवसापासून मला झोपेतसुद्धा तीन नंबरची खुर्ची दिसायला लागली.

मग मी एक नियम शोधून काढला. एका कोर्टात कुणीही पेशकार तीन वर्षांपेक्षा जास्त बसू नये. नळदुर्गकरांना अकरा वर्षं झाली होती. प्रत्येक न्यायाधीश लिहून देत गेला, यांना राहू द्या, आणि ते राहत गेले. मी रीतसर अर्ज लिहिला. त्यांचं नाव घेतलं नाही, पण 'काही कर्मचारी' असं तीनदा लिहिलं, आणि तीन नंबरला असा कर्मचारी एकच होता.

अडचण एवढीच होती की तीन नंबरला तेव्हा एक मॅडम नव्यानं आल्या होत्या, कर्मचाऱ्यांचा विषय त्यांच्याकडे होता, आणि मॅडमसमोर कुठलाही कागद नळदुर्गकरांच्या हातूनच जायचा. मी अर्ज पाकिटात घालून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि मागं न बघता आठ नंबरला निघून आलो. हा अर्ज आता महिनाभर कुठल्या तरी फायलीखाली झोपणार, असं मी धरून चाललो होतो. मी असतो तर तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज माझ्या टेबलावर परत आला होता. मला वाटलं, नाकारला. उघडून बघतो तर समासात पेन्सिलनं, बारीक सुबक अक्षरात लिहिलेलं, 'नियम सात नव्हे, नऊ. सात चालकांसाठी आहे. दुसऱ्या परिच्छेदात स्पेलिंगची एक चूक. दुरुस्त करून आजच द्यावा, मॅडम उद्यापासून रजेवर.' मी गोंधळून दुरुस्त करून दिला. दुपारी तो मॅडमसमोर गेला, सगळ्या कागदांच्या वर, 'तातडीचे' अशी लाल पट्टी लावून.

पंधरा दिवसांत आदेश निघाला. मी तीन नंबरला, नळदुर्गकर रेकॉर्ड विभागात. तळमजल्यावर, जुन्या निकाली फायलींच्या खोलीत. जाताना त्यांनी मला मॅडमच्या सवयी सांगितल्या, पेनाची शाई, पंख्याचा वेग, कुठल्या कानाशी बोलायचं. डावा. उजव्यानं त्यांना कमी ऐकू येतं आणि ते कुणाला कळू नये असं त्यांना वाटतं.

मी खुर्चीत बसलो. खुर्ची चांगली होती, बाकी फार काही नव्हतं. महिनाभरात माझी पाठ धरली. मॅडम कधी माझ्याकडे बघून 'नळ...' एवढं म्हणायच्या आणि थांबायच्या.

एका सोमवारी त्यांना बारा वर्षांपूर्वीची एक फाईल हवी झाली, म्हणून मी खाली गेलो. नळदुर्गकर एका लांब टेबलाशी एकटेच बसले होते. फडताळांच्या रांगा त्यांच्या मागं भिंतीपर्यंत गेल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, शिडी लावली, फाईल काढली, फडक्यानं पुसली. मी ती घेऊन निघायला हवं होतं. पण निघालो नाही.

"एक विचारू का?" मी म्हणालो. "माझा अर्ज तुम्ही दाबून ठेवू शकला असता."

"हौ."

"मग सुधारून का दिला?"

"तुमचं म्हणणं बरोबर होतं. नियमच चुकीचा लावला होता तुम्ही. बरोबर माणूस चुकीच्या नियमानं हरलेला मी समोर बसून पुष्कळ वेळा बघितलाय. कागद वर द्यायचा आणि गप्प बसायचं, दुसरं काही करता येत नाही आपल्याला. इथं करता येत होतं."

"राग नाही आला माझा?"

"आला ना. दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तुमच्या लक्षात आलं नाही."

मी खरंच आठवून बघितलं. नव्हतं आलं.

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "तसा मला तुमचा हेवाच वाटायचा, मुखेडकर."

"माझा?"

"पाच वाजले की तुम्ही घड्याळ बघता. सव्वापाचला पुन्हा बघता. साडेपाचला डबा उचलून जिन्यावरून धावत जाता. एकदा तर चप्पल तुटली तुमची." ते जरासे हसले. "ही गेल्याला आता नऊ वर्षं झाली. मुलगा तिकडं कॅनडात. सुट्टीचं पत्रक आलं की लोक किती खूश होतात, मी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतही ड्युटी मागून घ्यायचो. साहेबांना वाटायचं, काय हा निष्ठावान माणूस. आता या वयात त्यांना कशाला खरं सांगा."

मी फाईल वर नेऊन दिली. उरलेला दिवस कसा गेला, मला सांगता येणार नाही. साडेपाचला डबा उचलला आणि बाहेर जाण्याऐवजी खाली गेलो.

"चला," मी म्हणालो.

"कुठं?"

"बरकतपुऱ्याला, आमच्या घरी. चहा घ्या, जेवूनच जा."

ते एकदम सावध झाले. "वहिनींना कळवलंय?"

"त्यात काय कळवायचं."

"नक्को नक्को. नोटीस दिल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये."

म्हणून मी तिथूनच बायकोला फोन लावला. तिनं विचारलं, कोण येतंय. गेली कित्येक वर्षं घरी त्यांचं नाव मी कुठल्या सुरात घेत आलो होतो, ते मला ठाऊक होतं आणि तिलाही.

"नळदुर्गकर येतायत," मी म्हणालो. "ज्यांनी मला काम शिकवलं ते."

पलीकडे तिनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "वांग्याची भाजी चालेल का विचारा."

मी वळून विचारलं. नळदुर्गकर माझ्याकडे पाठ करून, दिवसभर नीटच असलेल्या फायली पुन्हा नीट लावत होते. बराच वेळ लावत राहिले. मग तसंच, न वळता त्यांनी मान डोलावली.