ड्रॅगनच्या वाटेवरची म्हातारी

वेळेवर काम कसं संपवावं हे जगानं आपल्याकडून शिकावं, असं व्हर्लिन ऑस्टबीचं प्रामाणिक मत होतं. आणि मत उगाच नव्हतं हो! उत्तर मिनेसोटातल्या त्याच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, बर्फ काढणारी कुठली गाडी किती वाजता कुठल्या रस्त्यावर जाईल, हे गेली बावीस वर्षं तोच ठरवत होता. शंभर मैलांचा बर्फ जो घड्याळाच्या काट्यावर हलवतो, त्याला तीन माणसं एका कागदी डोंगरावरून न्यायला काय जड जाणार? रविवारच्या खेळाचं त्यानं वेळापत्रकच काढलं होतं. एक वाजता पूल. दीड वाजता खिंड. तीन वाजता ड्रॅगनची गुहा. तीन चाळीसला ड्रॅगन ठार. पाच वाजता निरोप, पाच मिनिटं.

हा खेळ तसा सोपा. तळघरात टेबलाभोवती बसायचं. व्हर्लिन सूत्रधार. समोर काय दिसतंय ते तो सांगणार, आपण काय करतो ते बाकीचे सांगणार, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. गेली चार वर्षं दर रविवारी हे चालू होतं. दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी जनेल इथे अट्टल चोर होती. ऑर्विल तलवारबहाद्दर होता, एरवी तो निवृत्त पाद्री, माशी मारली तरी तिची माफी मागणारा. आणि डेल मांत्रिक. टायरचं दुकान त्यानं मागच्याच महिन्यात विकलं होतं.

विकलं, कारण उद्या सकाळी डेल कायमचा ॲरिझोनाला चालला होता. बायकोच्या सांध्यांना इथली थंडी सोसवत नव्हती. डेल गेला की खेळही गेला, हे कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या मांत्रिकानं चार वर्षं एक मंत्र जपून ठेवला होता. तो आयुष्यात एकदाच म्हणता येणार, आणि तो ड्रॅगनसाठीच ठेवायचा असं त्यानं ठरवलं होतं. दोनदा मरता मरता वाचला, तरी पठ्ठ्यानं तो वापरला नाही. तो मंत्र आज डेलच्या तोंडून निघालाच पाहिजे, एवढी एकच इच्छा व्हर्लिनची होती. त्यासाठी सबंध हिवाळा खपून त्यानं वीतभर उंचीचा ड्रॅगनचा पुतळा रंगवला होता. तो टेबलाखाली बुटांच्या खोक्यात दबा धरून बसला होता.

पूल एक वाजून अठरा मिनिटांनी पार झाला. व्हर्लिन मनातल्या मनात खूश झाला, आणि खुशीतच त्यानं घोळ घातला. खिंडीचं वर्णन जरा रंगवावं म्हणून तो बोलून गेला की वाटेत एक झोपडी आहे आणि तिच्या धुराड्यातून धूर येतोय.

"धूर येतोय म्हणजे घरात कोणीतरी आहे," ऑर्विल म्हणाला.

असेल, पण गुहा तर पुढे आहे, व्हर्लिन म्हणाला. पण ऑर्विलला ते पटेना. एखाद्याच्या अंगणातून जायचं आणि साधी ओळखसुद्धा द्यायची नाही? लोक काय म्हणतील? जनेलनं दार वाजवलं. चोर हो ती, चार वर्षांत एकाही दाराला तिनं टकटक केली नव्हती, नेमकी आजच तिला सुबुद्धी सुचली.

दार वाजवलं म्हणजे ते कोणीतरी उघडायला हवं. व्हर्लिननं घाईघाईनं एक म्हातारी राक्षसीण उभी केली. तिचं नाव गुनहिल्ड ठेवलं. आवाज कोणता काढावा हे सुचेना, तेव्हा जो पहिला तोंडात आला तो काढला.

"या की आत. कॉफी टाकलीये."

नको नको, तुम्हाला कशाला त्रास, तिघं एकदम म्हणाले. इथेच सुटका होती! नको म्हणाले, विषय संपला, चला गुहेकडे. पण व्हर्लिनही पडला त्यांच्याच मातीतला. पहिलं नको हे नको नसतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याच्या तोंडून म्हातारीनं दुसऱ्यांदा विचारलं. त्यांनी दुसऱ्यांदा नको म्हटलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मग अर्थातच ते बूट काढून आत गेले.

कॉफीबरोबर लिंबाच्या वड्या आल्या, त्यावर गप्पा आल्या. यंदा बर्फ किती पडला, गेल्या वर्षी किती पडला होता, डोंगरापलीकडच्या राक्षसांकडे किती पडला. घड्याळात अडीच वाजले. व्हर्लिनला घाम फुटला. यांना जरा चेतवावं, म्हणजे तलवारी उपसून निघतील, असं त्यानं ठरवलं. नवऱ्याचं काय झालं, असं डेलनं विचारल्याबरोबर त्यानं म्हातारीला डोळे पुसायला लावले.

"खाल्लं हो त्यांना ड्रॅगननं. या गुरुवारीच."

तलवारी कसल्या उपसताहेत! ऑर्विलनं हात जोडले. मग जनेल हळूच म्हणाली की बाईच्या घरी नुकतंच मयत झालंय आणि आपण हात हलवत आलोय.

झालं. मिनेसोटात मयताच्या घरी रिकाम्या हातानं जाणं म्हणजे केवढी नामुष्की. तिघं तडक उठले, पण गुहेकडे नाही, खाली जंगलाकडे! गरम जेवण रांधून आणल्याशिवाय त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. जनेलनं हरीण मारलं, डेलनं मांत्रिकाचं पितळी पातेलं काढलं आणि ऑर्विलनं रांधायचं म्हणून फासा टाकला. वीस पडला. चार वर्षांत ऑर्विलला वीस कधी पडला नव्हता. व्हर्लिननं तर तो ड्रॅगनच्या मानेसाठी मनातून राखून ठेवला होता. तो गेला हरणाच्या मटणात! नियमाप्रमाणे ते जेवण त्या राज्याच्या इतिहासातलं सर्वोत्तम जेवण ठरलं आणि तसं व्हर्लिनलाच जाहीर करावं लागलं.

चार वाजता म्हातारी जेवली. सव्वाचारला ऑर्विलनं मांडीवर थाप मारून "बरं, निघतो मग," म्हटलं आणि व्हर्लिनला हुश्श झालं. पण निघतो म्हणजे काही लगेच निघतो नव्हे. खुर्चीपाशी गप्पा झाल्या. मग दारापाशी झाल्या. मग पायरीवर. व्हर्लिननं शेवटी ड्रॅगनलाच गर्जना करायला लावली. डोंगर हादरला, दगड कोसळले.

"थांबेल तो," डेल शांतपणे म्हणाला. "बाईला असं अर्ध्या वाक्यात टाकून कसं जायचं?"

आता सभ्यपणा पुरे, असं म्हणत व्हर्लिननं म्हातारीकडून सरळ सांगवलं, की बाबांनो, निघा आता, मला कामं आहेत. ही त्याची शेवटची चूक. तिघांचे चेहरे पडले. आपलं नक्की काहीतरी चुकलं, बाई दुखावल्या, असं म्हणून ते समजूत घालायला पुन्हा आत गेले. आणि बूट पुन्हा काढले.

पाचच्या ठोक्याला वरून लॉर्नानं, म्हणजे व्हर्लिनच्या बायकोनं, हाक मारली की हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचं भाजलेलं जेवण, ओव्हनमधून निघालंय, गरम आहे तोवर या. खेळ संपला. ड्रॅगन खोक्यातच राहिला आणि मंत्र डेलच्या पोटात. व्हर्लिन बटाटे चिवडत बसला. त्याला अगदी रडू येत होतं. बावीस वर्षांत एक गाडी त्याची चुकली नव्हती, आणि आपला दोस्त जाताना त्याला साधा एक ड्रॅगन मारून देता आला नाही.

मग खरा निरोप सुरू झाला. टेबलापाशी झाला, दारापाशी झाला, अंगणात झाला, आणि डेल गाडीत बसल्यावर काच खाली करून झाला. जनेल आणि ऑर्विल गारठत उभे होते, पण कोणी हलेना. व्हर्लिननं सवयीनं घड्याळ पाहिलं. एक तास दहा मिनिटं! एवढ्यात पावणेदोन ड्रॅगन मेले असते.

"ती तुझी आई होती ना रे?" डेलनं विचारलं. "आवाज तिचाच होता."

व्हर्लिननं मान डोलावली. आई फेब्रुवारीत गेली होती. त्या दिवशी वादळात सगळे रस्ते बंद होते. बंद करण्याच्या कागदावर सही व्हर्लिनचीच होती, आणि पलीकडच्या गावाहून डेल तिला शेवटचं बघायला येऊ शकला नव्हता.

"मला तिला भेटायचं राहिलं होतं," डेल म्हणाला. "बरं झालं आज भेटलो. आणि हे बघ, माझं पितळी पातेलं तिच्याकडेच राहिलंय. ते न्यायला यावं लागेल मला. जूनमध्ये येतो. तोवर ड्रॅगनला मारू नका."

"नाही मारत," व्हर्लिन म्हणाला. आणि लगेच तो बर्फाबद्दल काहीतरी बोलला.

डेलची गाडी वळली. जूनचं कोणी सांगावं, व्हर्लिन घरात येता येता पुटपुटला. माणसं म्हणतात येतो, आणि तिकडच्या उन्हाला चटावतात. डेल येईलच कशावरून?

लॉर्ना ओटा पुसत होती. उरलेलं हॉटडिश तिनं डेलला वाटेत खायला बांधून दिलं होतं. कशात दिलं, असं व्हर्लिननं विचारलं. तिच्या आजीच्या निळ्या काचेच्या भांड्यात, तळाला नावाची चिकटपट्टी लावलेल्या. व्हर्लिन बघतच राहिला. ते भांडं तिनं सख्ख्या बहिणीला कधी दिलं नव्हतं.

"ते का दिलंस? पत्र्याचं द्यायचं होतं!"

"पत्र्याचं दिलं असतं तर त्यानं पोस्टानं पाठवलं असतं," लॉर्ना म्हणाली. "जा, तो ड्रॅगन नीट ठेव. जूनपर्यंत धूळ बसेल त्याच्यावर."