एका बुडबुड्यात दोन घरं

चष्मेवाल्यांनी त्या सोमवारी अर्धंच शटर उघडायचं ठरवलं. पुढचं सगळं त्या अर्ध्या शटरमुळे झालं.

सरकारने आदल्या रात्री रेडिओवर सांगितलं होतं की उद्यापासून सगळं उघडं आहे, काळजी घ्या. एवढं सांगून रेडिओवर गाणी लागली. चष्मेवाले त्या रेडिओकडे बघत बसले.

"काळजी घ्या म्हणजे नक्की काय घ्यायचं?"

"तुम्ही काही घेऊ नका," बायको म्हणाली. "तुमच्याकडे भरपूर आहे."

ते खरंच होतं. साथ येण्याआधीही चष्मेवाले रस्ता ओलांडताना दोनदा उजवीकडे आणि तीनदा डावीकडे बघत. (डावा डोळा अधू होता. ही गोष्ट त्यांनी गिऱ्हाइकांना कधी कळू दिली नव्हती.) पण या वेळची भीती गमतीची नव्हती. त्यांच्या दुकानासमोर घड्याळवाल्याचं दुकान होतं. घड्याळवाला दवाखान्यात जाताना "येतोच आठवड्यात" म्हणून गेला, तो आलाच नाही. शटर खालीच राहिलं. आतलं एक घड्याळ मात्र अजून चालू होतं आणि तासातासाला ठोके देत होतं. बंद शटरमागून ते ठोके आले की चष्मेवाले हातातलं काम सोडून ते मोजत बसायचे.

तर अर्धं शटर. पहिलं गिऱ्हाईक वाकून आत आलं. चष्मा लावायला माणसाच्या नाकापर्यंत जावंच लागतं. नंबर लांबून काढता येत नाही. चष्मेवाल्यांनी श्वास धरला आणि तपासणीची फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवली.

"खालून दुसरी ओळ वाचा."

"कुठली ओळ?"

"तक्त्यावरची."

"तक्ता कुठंय?"

मास्कमधून वर येणाऱ्या वाफेने गिऱ्हाइकाच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. काचा पुसायला चष्मेवाले पुढे झाले, तर त्यांच्या स्वतःच्याही पांढऱ्या झाल्या. दोन आंधळे एकमेकांची नाकं शोधत असताना गिऱ्हाइकाने घसा खाकरला. नुसता खाकरला. पुढच्या क्षणी चष्मेवाले शटरखालून सरपटत बाहेर आले होते आणि गिऱ्हाईक एकटंच सगळ्या दुकानाचं मालक होऊन आत उभं होतं.

"मी जाऊ का?" आतून आवाज आला.

"या," चष्मेवाले रस्त्यावरून म्हणाले. "काळजी घ्या."

दुपारी ते घरी आले ते पांढरे पडून. लेकीने त्यांना पाणी दिलं आणि समोर बसवलं. लेक दूरच्या देशात लोकांचं आरोग्य हा विषय शिकून, विमानं बंद होता होता परत आली होती. तिला जग सुधारायचं होतं. जगाचे दरवाजे लागलेले असल्यामुळे सध्या जगाच्या जागी आईबाप होते.

"बाबा, घाबरून कसं चालेल? जगाने यातून वाटा काढल्यात. एका बेटावरच्या देशाने दारंच लावून घेतली. शेवटचा रुग्ण बरा होईपर्यंत कोणाला आत घेतलं नाही."

"शहाणा देश."

"एका थंड देशाने काहीच बंद केलं नाही. लोकांवर विश्वास टाकला."

"लोकांवर?" चष्मेवाल्यांना सकाळचं गिऱ्हाईक आठवलं.

"एका देशाने आधी शाळा उघडल्या. शेजारच्या देशाने आधी दारूची दुकानं."

"तिथे पोरं कमी असतील," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

"आणि मी होते तिथे," लेकीचे डोळे चमकले, "तिथे बुडबुडा केला. प्रत्येक घराने दुसरं एकच घर निवडायचं. त्या दोन घरांनी एकमेकांकडे जायचं, जेवायचं, गळ्यात पडायचं. तिसऱ्या घराकडे फिरकायचं नाही. आपल्याला कोणी सांगितलं नाही म्हणून काय झालं? आपण आपला करू. एका बुडबुड्यात दोन घरं."

"बुडबुडा फुटतो," बायको म्हणाली.

"म्हणून तर जपायचा ना, आई."

कल्पना सगळ्यांना आवडली. दुसरं घर कोणतं, इथे घोडं अडलं.

"माझा भाऊ," बायकोने सुरी खाली ठेवली. "आपल्याशिवाय कोण आहे त्याला?"

तिचा भाऊ बस चालवायचा आणि डेपोच्या खोलीत राहायचा. सगळं बंद व्हायच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला होता आणि फ्रेमच्या ट्रेवर जीव तोडून शिंकला होता. चष्मेवाल्यांनी त्या रात्री दुकानातली प्रत्येक फ्रेम साबणाने धुतली, आणि तेव्हापासून त्याचं नाव घरात काढायला बंदी होती.

"ती शिंक धुळीची होती," बायको म्हणाली.

"शिंकेवर लिहिलेलं नसतं."

"अहो, पण ऐकून तरी घ्या, तो सध्या..."

"नाव काढायचं नाही म्हटलं ना."

"मग तुमचं घर कोणतं, बाबा?" लेकीने विचारलं.

चष्मेवाले टेबलावरचा कपडा सरळ करत राहिले. "आई," शेवटी ते म्हणाले.

त्यांची आई दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. वय झालेलं, त्यात दम्याचा त्रास. सगळं बंद झाल्यापासून चष्मेवाले दर रविवारी सकाळी अकराला तिच्या फाटकापाशी सामानाची पिशवी ठेवत, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहत आणि हात हलवत. खिडकीतली तपकिरी शाल हात हलवून उत्तर देई. मग ते घरी येऊन रडत. (आंघोळीचं निमित्त करून. बायकोला माहीत होतं.)

"आजीला शेवटचा हात कधी लावला होतात, बाबा?"

"मीच तिच्याकडे हा आजार घेऊन गेलो तर?" चष्मेवाल्यांचा आवाज इतका खाली गेला की बायकोने नळ बंद केला. "घड्याळवाल्यालाही कोणीतरी दिलाच असेल. देणाऱ्याला माहीत तरी असेल का?"

यावर कोणत्याच देशाने काही काढलेलं नव्हतं. लेक उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. मग तिने मार्ग सांगितला: दुकान पुन्हा बंद, दोन आठवडे कोणाला भेटायचं नाही, ताप नाही, खोकला नाही, मग थेट आजी. चष्मेवाल्यांनी त्याच संध्याकाळी आईला फोन लावला. तिला जरा कमी ऐकू यायचं.

"आई, आम्ही तुला बुडबुड्यात घेतलंय."

"कोण बुडालं?"

"कोणी नाही. बुडबुडा. एक तुझं घर, एक आमचं."

"घर बुडालं?"

"अगं, मी येतोय तुझ्याकडे. दोन आठवड्यांनी, रविवारी. आत येतोय."

"आत?"

"आत."

"बाळ्या, मग तुला एक सांगायला हवं. तुझा मेहुणा..."

"तूसुद्धा? आई, त्याचं नाव नको. बुडबुड्यात तिसरं कोणी चालत नाही."

"बरं," आई म्हणाली. "तू ये म्हणजे झालं."

"गेल्या रविवारी खिडकीत छान दिसलीस हो. अंगाने जरा भरलीयेस."

"मी?" आई म्हणाली.

ते दोन आठवडे चष्मेवाले बेटावरच्या देशासारखे राहिले. जेवणाचं ताट दाराबाहेर, बोलणं दाराआडून. रोज सकाळी थर्मामीटर, आणि तो ठीक आहे की नाही हे बघायला दुसरा थर्मामीटर. रात्री नुसता घसा कोरडा पडला तरी ते अंधारात बसून स्वतःचा श्वास ऐकत राहायचे.

रविवार उजाडला. दोन मास्क, त्यावर चष्मा, त्यावर प्लास्टिकचा पडदा, हातमोजे. "बाबा, आजी ओळखेल ना?" लेक म्हणाली.

रस्त्यावर निघाले तर लेकीने सांगितलेले सगळे देश एकाच रस्त्यावर राहायला आलेले. औषधवाल्याने दुकानासमोर दोरी बांधली होती आणि तो काठीने पैसे ओढून घेत होता. शेजारच्या न्हाव्याकडे बाकावर माणसाला माणूस चिकटून बसला होता. शाळेच्या फाटकाला कुलूप, आणि त्याच फाटकाला टेकून शाळेतली सगळी पोरं. चष्मेवाले या सगळ्यांच्या मधून, कोपरं अंगाशी आवळून, भिंतीकडेने चालत गेले.

फाटकाशी ते सवयीने थांबले. हात आपोआप वर जायला निघाला होता, तो त्यांनी खाली घेतला आणि फाटक ढकललं. दाराच्या कडीवर हात ठेवला तेव्हा त्यांना घड्याळाचे ठोके ऐकू आले. (ते त्यांच्या छातीचे होते.) मागे फिरावं असं फार वाटलं. मग त्यांनी दार उघडलं.

तोवर मास्कमधली वाफ काचांवर आणि काचांवरची वाफ पडद्यावर चढली होती. समोर सगळं दूध झालं होतं. त्या दुधात, खिडकीजवळच्या खुर्चीत, तपकिरी शाल.

"आई," चष्मेवाले म्हणाले आणि इतक्या महिन्यांचं सगळं एकदम फुटून बाहेर आलं. त्यांनी शालीला मिठी मारली. घट्ट. खांद्यावर डोकं टेकवलं. रडू आवरेना. अंग वाटलं होतं त्याहून बरंच भरलेलं लागलं. आणि दाढीच्या साबणाचा वास आला.

"भाऊजी," शाल म्हणाली, "जरा दम लागतोय."

चष्मेवाले मागे उडी मारायला गेले, पण जाता येईना. प्लास्टिकचा पडदा शालीच्या गोंड्यांत अडकला होता. ते जितकं ओढत, तितका मेहुणा जवळ येत होता.

"तू इथे काय करतोयस?"

"राहतो."

"आई कुठंय?"

"आंघोळीला. अकराला जातात त्या. मी तोवर खिडकीत बसतो. वारा लागतो म्हणून शाल घेतो."

तेवढ्यात ओले केस पुसत आई आली. दाराजवळ चपला, आणि खिडकीत एकमेकांच्या गळ्यात पडलेले दोघं. तिने थोडा वेळ बघितलं.

"बल्ब बदलायला आला होता बिचारा," ती म्हणाली. "डेपोची खोली बंद केली त्यांनी. म्हटलं, राहा. तुला सांगत होते मी."

"पण मग दर रविवारी हात कोण करायचं मला?"

"तू यायचास?" आई म्हणाली. "मी बाहेर आले की पिशवी सापडायची. तू कधी सापडला नाहीस."

चष्मेवाल्यांनी मान शालीकडे वळवली.

"हात मी करायचो," मेहुणा त्यांच्या कानाशी म्हणाला. "मला लांबचं दिसत नाही, भाऊजी. मला वाटायचं, दूधवाला आहे. येणार होतो डोळे तपासायला, पण ताई म्हणाली, तुम्ही सध्या कोणाला जवळ घेत नाही."

आई जवळ आली. एका हाताने ती गोंडे सोडवायला लागली आणि दुसरा हात तिने लेकाच्या पाठीवर ठेवला. तो हात ओला होता आणि हलका होता, आणि चष्मेवाल्यांना त्याची इतकी भीती वाटली की ते अगदी स्तब्ध उभे राहिले, तो उचलला जाऊ नये म्हणून.

"हलू नकोस, बाळ्या. गाठ बसलीये. वेळ लागेल."

"लागू दे," चष्मेवाले म्हणाले.

"भाऊजी," मेहुणा जरा चाचरत म्हणाला. "शालीचा धागा नाकात गेलाय. मला आता शिंक येणार."