देवाला हसवणाऱ्या सिस्टर

सिस्टर फिलोमिना रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत देवाला एक विनोद सांगायच्या. हे त्यांनी मला मी शाळेत रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, डबा खाताना सांगितलं. संध्याकाळी दूध आणायला जाते असं कुणी सांगावं इतक्या सहज. मी घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"अगं बाय," त्या म्हणाल्या, "दिवसभर सगळं जग त्याच्यापुढे येऊन रडतं. परीक्षा, पोरीचं लग्न, गुडघे. संध्याकाळपर्यंत त्याचं काय होत असेल? कुणीतरी बरं काही सांगायला नको?"

ही नव्वदच्या दशकातली दिल्लीतली गोष्ट. आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि शाळा यमुनेपलीकडच्या नव्या वसाहतीत होती. वसाहत म्हणजे तेव्हा वाळूचे ढीग, क्रेन आणि सेक्टरच्या नंबरांच्या पाट्या. पाट्या लागल्या होत्या, सेक्टर अजून यायचे होते. लोक मात्र आले होते. त्यांच्या घरांत केबल आली होती, दारांत नव्या गाड्या आल्या होत्या, आणि मुलं कॉन्व्हेंटमध्येच घालायची हे ठरलेलं होतं.

सिस्टर प्राथमिक विभागाच्या प्रमुख. वय साठीच्या आसपास, उंची बेताची, पांढऱ्या झग्याखाली कॅनव्हासचे पुरुषी बूट. मूळच्या वसईच्या. दिल्लीत तीस वर्षं काढूनही त्यांची हिंदी अशी होती, की ती ऐकून भाजीवाल्याला आपल्याला मराठी समजतं असा भ्रम व्हायचा. शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्यामुळे मधल्या सुट्टीत मी आपोआप त्यांच्या खोलीत जाऊ लागले.

देवाच्या विनोदाचे नियम होते. तो खरा घडलेला असावा लागे आणि त्याच दिवसाचा असावा लागे. शिळा चालत नसे, कारण जुने सगळे देवाला पाठ आहेत असं सिस्टरांचं म्हणणं. म्हणून सकाळी अकरापासून त्या शोधाला लागत. व्हरांड्यात कुणी दिसलं, की त्याला थांबवून विचारत, "आज का कुछ है?" नव्या शिक्षिकांना वाटायचं, त्या गृहपाठाच्या वह्या मागताहेत. त्या घाबरून वह्या काढून द्यायच्या.

बहुतेक वेळा विनोदासाठी सिस्टर स्वतःच उपयोगी पडत. एकदा त्या करोल बागेत चष्मा करायला गेल्या. दुकानात गर्दी होती. त्यांनी जुना चष्मा काढून झोळीत टाकला, एक फ्रेम डोळ्यांवर चढवून पाहिली, तेवढ्यात बरोबरच्या सिस्टरने बस आली म्हणून हाक मारली, आणि या तशाच बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत भेटेल त्याला सांगत होत्या, नव्या चष्म्याने काय स्वच्छ दिसतंय, फळ्यावरची धूळसुद्धा दिसते. तिसऱ्या तासाला दुसरीतल्या एका मुलीने "सिस्टर, आँख में कुछ है" म्हणत त्यांच्या फ्रेममधून आरपार बोट घातलं. फ्रेमला काचाच नव्हत्या.

सिस्टर इतक्या हसल्या, की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. मग जुना चष्मा शोधून घालत त्या मला म्हणाल्या, "जग कालचंच होतं गं. आज ते छान दिसणार असं मी ठरवून आले होते, एवढाच फरक." पुढच्या रविवारी त्या फ्रेम परत करायला गेल्या, आणि परत येईपर्यंत दुकानदाराच्या घरातल्या सगळ्यांची नावं त्यांना पाठ झाली होती.

तिसरा नियम मला जरा महागात पडून कळला. शाळा उभी होती ती जागा पूर्वी शेताची होती. ते शेत ज्यांचं, त्या चौधरींची मुलगी आमच्याकडे पहिलीत आली. जमीन गेल्यावर चौधरींच्या दारात दोन गाड्या आल्या होत्या. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात त्यांनी मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पहले खेती. अब कुछ नहीं. गाड़ी है.’

फॉर्म माझ्या हातात आला. स्टाफरूममध्ये मी तो साभिनय वाचून दाखवला आणि सगळ्या जणी डोळे पुसेपर्यंत हसल्या. आजचा विनोद मिळाला, म्हणून मी तो घेऊन सिस्टरांकडे गेले. त्यांनी वाचला. त्या हसल्या नाहीत.

"यात तू कुठे आहेस?" त्यांनी विचारलं.

मला कळेना. त्या म्हणाल्या, "विनोदात आपण पडलेलं असावं लागतं. इथे हा माणूस पडलाय आणि आपण काठावर उभ्या आहोत. हा मी देवापुढे नाही नेऊ शकत."

मी चहा तसाच ठेवून परत आले. मला राग आला होता, आणि त्या बरोबर बोलल्या म्हणून जास्तच आला होता. दोन दिवस मी मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे फिरकले नाही.

त्या दोन दिवसांत सिस्टरांनी चौधरींना बोलावून घेतलं आणि विचारलं, या मैदानात पूर्वी कुठे काय होतं ते मला दाखवा. चौधरी तासभर त्यांना हिंडवत होते. इथे सरसों, तिकडे विहीर, आणि बास्केटबॉलच्या कोर्टवर म्हशी बसायच्या. मग पी.टी.च्या तासाला तिथे पसरलेल्या मुलांकडे बघून ते स्वतःच म्हणाले, की बाकी काही फार बदललेलं दिसत नाही. सिस्टर हे सांगायला मुद्दाम माझ्या वर्गाच्या दाराशी आल्या. हा विनोद चालला होता.

त्या हिवाळ्यापासून चौधरी दर गुरुवारी खुरपं घेऊन यायला लागले. मैदानाच्या कडेला पहिलीच्या मुलांकडून त्यांनी मेथी आणि मुळा लावून घेतला. पुढच्या वर्षी त्यांची धाकटी मुलगी शाळेत आली. तिच्या फॉर्मवर लिहिलं होतं, ‘खेती. सिर्फ गुरुवार को.’

सिस्टरांच्या घरच्यांबद्दल मला फारसं काही माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हेही खरं. इतक्या हसणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

एका मार्चमध्ये, वार्षिक परीक्षा संपत आल्या असताना, शाळा सुटल्यावर त्यांनी मला निरोप पाठवला. मी गेले तेव्हा त्या टेबलाशी उभ्या होत्या आणि टेबलावर एक पत्र होतं. त्यांची आई गेली होती. दफन होऊन पाच दिवस झाले होते. परीक्षांच्या गडबडीत सिस्टरला कशाला त्रास, म्हणून धाकट्या भावाने फोन न करता पत्र टाकलं होतं. पत्र त्यांना सकाळीच मिळालं होतं. त्यानंतर त्यांनी दोन वर्गांचे पेपर घेतले होते.

मी काहीतरी बोलू लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, संध्याकाळी आईसाठी मिसाची प्रार्थना आहे, सगळ्या सिस्टर माझ्याशी खूप चांगल्या वागतील. मग त्यांनी पत्राची घडी घातली.

"तुला एक काम सांगू? वेडेपणाचं आहे."

त्यांनी मला सांगितलं, की फिलोमिना हे नाव व्रत घेताना मिळालेलं. त्यांचा जन्म नाताळातला, म्हणून बाप्तिस्म्याचं नाव नातालीना, आणि घरात सगळे म्हणायचे नातू. नवा पाववाला आला, की आईला विचारायचा, एवढ्या तरुणपणी तुम्हाला नातू कसा? वडील गेले, मोठी बहीण गेली. त्या नन झाल्यापासून धाकटा भाऊ त्यांना सिस्टरच म्हणतो. पत्रातही त्याने ‘आदरणीय सिस्टर’ असंच लिहिलं होतं.

"आता त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "तू एकदा मारशील? लांबून मार. आई केळीच्या वाडीतून मारायची, जेवायला बोलवायला."

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि त्यांना सिस्टर सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. वर्ग रिकामे होते, बाकं एकावर एक चढवून ठेवली होती. सिस्टर दाराबाहेर येऊन माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पहिली हाक मी अगदीच हळू मारली. त्या हलल्या नाहीत, वाट बघत राहिल्या.

मग मी मोठ्याने हाक मारली. "नातू, ए नातू, जेवायला ये गं."

बाहेर बसवाल्याने माझ्यासाठी हॉर्न दिला. मी गेले नाही. बऱ्याच वेळाने, मागे न वळता, शाळेत मी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात सिस्टर म्हणाल्या, "आले."

आणि तिथेच उभ्या राहिल्या.