नानांचा रिकामा तास

सुट्टीच्या दिवशी आमच्या शेजारी टीव्ही नुसता लागत नाही, शाळा भरते तसा भरतो. सकाळी पावणेसातला नामदेवनाना अंगणातल्या आंब्याला टांगलेल्या तबकडीवर लोखंडी गज हाणतात. तबकडी ट्रॅक्टरच्या मोडक्या नांगराची आहे. तिचा आवाज कोळवणच्या अर्ध्या खोऱ्यात जात असावा, माझ्या उशाशी तर नक्कीच येतो. ओटीवर शाळेने मोडीत काढलेला एक फळा आहे आणि त्यावर दिवसभराचे कार्यक्रम तासांप्रमाणे लिहिलेले असतात. पहिला तास, दुसरा तास, मधली सुट्टी, सगळं रीतसर.

नाना गावातल्या शाळेत शिपाई होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी घंटा दिली. वर्गात काय शिकवतात याच्याशी त्यांना देणं-घेणं नव्हतं, तास वेळेवर सुरू झाला आणि वेळेवर संपला की काम झालं. टीव्हीच्या बाबतीतही त्यांचं हेच धोरण आहे. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात, आणि त्याला हात लावायचा अधिकार फक्त नानांना. एकदा खुनाच्या मालिकेचा शेवटचा भाग चालला होता. इन्स्पेक्टरने बोट उचललं, "खून केलाय तो..." एवढं म्हणाला, आणि नानांनी तबकडी वाजवून कीर्तन लावलं. पलीकडच्या विठाबाई कळवळून म्हणाल्या, "आवं नाना, एवढं नाव तरी घिऊ द्या त्याला."

"तास म्हंजी तास," नाना म्हणाले. "त्यानं आदी घ्यायचं हुतं."

खून कोणी केला ते विठाबाईंना अजून कळलेलं नाही.

मी कोथरूडची. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर इथे दोन खोल्या बांधून राहायला आले. मी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही, तरी नाना मला 'बाई' म्हणतात. चष्मा लावणारी, एकटी राहणारी आणि वर्तमानपत्र वाचणारी बाई मास्तरीण नसेल हे त्यांना पटत नाही. मीही आता सांगायचं सोडलं आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या जरा उशिराच लक्षात आली. सुट्टीला शेजारपाजार येऊन बसतो, एरवी नाना टीव्ही लावतच नाहीत. बायको गेल्यावर मुलाने, संजयने, तो आणून दिला, 'नाना, करमेल तुम्हाला' म्हणून. सोमवार ते शुक्रवार त्याच्यावर बायकोने विणलेला रुमाल पसरलेला असतो. मी विचारलं तर म्हणाले, "येकट्यासाठी कोन घंटा देतंय?"

संजय हिंजवडीच्या कंपनीत आहे. नेऱ्याला फ्लॅट आहे. बायको प्रियांका, तीही कंपनीत, आणि आठ वर्षांची अन्वी. नेरे काही परदेश नाही, गाडीने तासाभराचा रस्ता. पण आई गेल्यापासून ही मंडळी सणाला दहाला येणार आणि चारला निघणार. यावर नानांनी स्वतःपुरता एक शोध लावला होता.

"मी बघितलंय, बाई. जेवत्यात, हात धुत्यात, मोबाईल काढत्यात आन मंग उठत्यात. त्यो रिकामा तास आसतोय. शाळंत बी मास्तर आला न्हाई की पोरं भितीवरनं पळायची. तास भरल्याला आसला की कुनी पळत न्हाई."

यंदा पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला आणि संजयने फोनवर सांगितलं की शनिवार-रविवार धरून तिन्ही दिवस राहतो. नाना आठवडाभर फळा पुसत होते आणि लिहीत होते. मग माझ्याकडे आले. "सूनबाईला काय बघाया आवडत आसंल?"

"फोन करून विचारा की तिला."

"सासऱ्यानं इचारायची गोष्ट हाय व्हय ती?"

मी बेधडक सांगितलं, स्वयंपाकाचा कार्यक्रम लावा. प्रियांकाच्या घरी पोळ्यासुद्धा बाहेरून येतात हे मला कुठे माहीत होतं.

शुक्रवारी गाडी आली. नानांनी आधी बॅगा मोजल्या. तीन निघाल्या, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. पहिला तास झेंडावंदनाचा. तो त्यांच्यासाठी नानांनी मुद्दाम नऊला, पुनःप्रक्षेपणाला धरला होता. राष्ट्रगीताला टीव्हीसमोर सगळे ताठ उभे, नाना पांढऱ्या टोपीत आणि संजय चुरगळलेल्या अर्ध्या चड्डीत. मग अन्वीचं कार्टून. मग स्वयंपाक. प्रियांका वर्गात हाताची घडी घालून बसावं तशी बसली होती आणि भरल्या वांग्याची कृती संजय लिहून घेत होता. मधल्या सुट्टीत जेवण. जेवताना बातम्या चालतील, पण भांडणाच्या नकोत, असं फळ्यावरच लिहिलेलं होतं. मग क्रिकेट, जंगलातले प्राणी, जुना सिनेमा, गाण्यांची स्पर्धा. रात्री दहाला शाळा सुटली. चार कधीच वाजून गेले होते आणि गाडी जागेवर होती. नाना कुंपणावरून मला खूण करून गेले.

शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास प्रियांका माझ्याकडे आली. डोळे लाल झाले होते.

"काकू, तुम्ही नानांना सांगाल का? आम्ही आठवडाभर स्क्रीनच बघतो हो. इथे नुसतं लोळायला आलो होतो. काल अन्वीला वाफ्यात बेडूक बघायला जायचं होतं, तर म्हणाले, तास बुडंल. संजय म्हणतोय, आज संध्याकाळीच निघू."

मी हो म्हटलं, पण माझं धाडस होईना. बिचाऱ्याने माणसं धरून ठेवायला जो बंदोबस्त केला, त्यानेच ती पळायला निघाली होती. हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? मी उगीच भांडी घासत बसले.

पावणेदोनला वीज गेली. ऑगस्टात इथे पाऊस आणि वीज यांचं कधी पटत नाही. पाच मिनिटांत नाना डोक्यावर पोतं घेऊन, हातात वायरचं भेंडोळं घेऊन माझ्या दारात.

"बाई, तुमच्या इन्व्हर्टरवरनं वायर वढू का? क्रिकेट निम्म्यात गेलंय."

"नाना, पावसात वायर ओढायची असते का? बसू द्या त्यांना जरा निवांत."

"निवांत बसली की जात्यात." त्यांचा आवाज नेहमीचा राहिला नव्हता. "तिकडं रिकामा तास झालाय आन मी हितं हुबा हाय."

तेव्हा मात्र मी सांगून टाकलं. प्रियांका काय म्हणाली ते सगळं, बेडकासकट. नानांनी वायर खाली ठेवली. "आज सांच्याला जानार म्हनत्यात?" एवढंच विचारलं. मला स्वतःचा राग आला. छत्री घेऊन मी त्यांच्याबरोबर गेले, कारण त्यांना एकट्याला पाठवणं मला जमेना.

घरात सामसूम होती. नाना उंबऱ्यातच थांबले, मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. चटईवर तिघं झोपली होती. अन्वी आडवी पसरलेली, तिचे पाय प्रियांकाच्या पोटावर. प्रियांकाने सासूची जुनी गोधडी कपाटातून काढून पांघरली होती. संजय भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड उघडं टाकून घोरत होता.

तेवढ्यात वीज आली. टीव्हीतून समालोचकाचा आवाज घरभर फुटला. आणि नाना या वयात असे धावले की मला धडकीच भरली. खिशातला रिमोट काढत बसले नाहीत. सरळ भिंतीतला प्लगच उपसला. कुणी हललं नाही. मग हळूच मागे सरकत ते ओटीवर येऊन बसले.

तीनला विठाबाई सिनेमाच्या तासाला आल्या. नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आज शाळा न्हाई. जावा."

"आवं, फळ्यावर तर लिवलंय..."

"हळू बोला. पोरं झोपल्यात."

विठाबाई माझ्याकडे बघत परत गेल्या. पागोळ्या गळत होत्या. आतून संजयचं घोरणं येत होतं, आणि नाना ते ऐकत होते, डोळे मिटून.

"बाई," डोळे न उघडताच ते म्हणाले, "त्याची आई गेल्यापासनं ह्यो हितं आला की खुर्चीवर बसतोय. टोकाला. पावन्यावानी. आज कसा पडलाय बघितलं न्हवं? परक्या घरात मानूस आसा झोपत न्हाई."

मी नुसतं 'नाही' म्हटलं. संध्याकाळी ते निघतील की राहतील, ते नानांनी पुन्हा विचारलं नाही. पायरीवर तिघांच्या चपला भिजत होत्या. नाना उठले, त्या एकेक करून धोतराच्या सोग्याने पुसल्या, आणि आत नेऊन दाराआड ठेवल्या.