आयलीची थंडी आणि वाइनोची भट्टी

"घरात बिघाड झाला आणि मला सापडला नाही, असं चाळीस वर्षांत घडलेलं नाही!" हे वाइनो हापाला येईल-जाईल त्याला ऐकवायचा. हँकॉक गावच्या शाळेचे बॉयलर सांभाळून तो निवृत्त झाला होता. हाताला काम नाही, जिवाला चैन नाही. त्यात डिसेंबरात बायको, आयली, म्हणाली, "वाइनो, घरात फार गारठा आहे रे."

झालं! दुपारपर्यंत घर तापवणारी तळघरातली भट्टी सुटी होऊन वर्तमानपत्रांवर पसरली. पुसून, तेल देऊन संध्याकाळी जोडलीही. एक स्क्रू उरला, तो खिशात गेला.

"आता?"

"गारच."

तापमापक बहात्तर फॅरनहाइट दाखवत होता, म्हणजे चांगलीच ऊब. "खोटारडा आहे लेकाचा!" वाइनोने दुसरा आणला, मग तिसरा. तिघांचं एकमत झालं तेव्हा त्याला भिंतीचा संशय आला, आणि बैठकीच्या भिंतीला कलिंगडाएवढं भोक पडलं! भट्टी पंच्याऐंशीवर गेली. कपाटावरच्या मेणबत्त्यांनी माना टाकल्या. बाहेर कमरेएवढा बर्फ, आत वाइनो गंजीवर घामाघूम, आणि आयली दोन स्वेटर नि लोकरी टोपी घालून, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा हातात धरून पेंगतेय!

"किती झोपशील! आणि आवाज का असा? फाटक्या भोंग्यासारखा?"

आयलीला रडूच फुटलं. "काल चर्चमध्ये मला सेल्माचं नाव आठवेना. तीस वर्षांची शेजारीण! माझी आई अशीच विसरत विसरत गेली. आता माझी पाळी..."

वाइनोच्या हातातला पाना गळून पडला. या बिघाडाला त्याच्या पेटीत हत्यार नव्हतं.

बूट न घालताच तो बर्फातून पळाला आणि सेल्मालाच घेऊन आला. ती जुनी नर्स. तिने आयलीचा थंडगार, खरखरीत हात धरला, सुजलेला चेहरा पाहिला. केस गळतात का, पोट साफ होतं का, वजन वाढलंय का, सगळं विचारलं. मग वाइनोवर उखडली.

"अरे शहाण्या, भट्टी तपासलीस, भिंत तपासलीस, बायको कोण तपासणार? थायरॉइड सुस्तावलेलं दिसतंय. आधी रक्त तपासून आण!"

तेच निघालं. "गळ्यातली ही ग्रंथी मंदावली की सगळं अंगच मंदावतं, डोकंसुद्धा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळीने सुधारतं. बहुधा कायमची घ्यावी लागेल."

"म्हणजे आईसारखं नाही?" आयलीने तीनदा विचारलं. तीनदा 'नाही' ऐकून मगच तिने टोपी काढली.

"रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॉफी तासाभराने, तुमची नेहमीची कॅल्शियमची गोळी चार तासांनी, नाहीतर ही गोळी अंगी लागत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त."

"सहा आठवडे?" वाइनो खुर्चीतून उडाला. "दोन-दोन दिल्या तर तिनात होईल ना?"

"तिचं काळीज धावत सुटेल, आणि मी तुमच्यामागे!"

रोज सकाळी वाइनो विचारायचा, "ऊब आली? आता? आता?" सहा आठवडे उलटले. रक्तात काडीचा फरक नाही! डॉक्टरीणबाई चक्रावल्या.

"गोळी कशी घेता?"

"मी देतो ना!" वाइनोने छाती फुगवली. "बरोबर सहाला. ही गोळी, कॅल्शियमची गोळी आणि साय घातलेली गरम कॉफी. चार तास कोण ताटकळणार? एका खेपेत काम!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. गोळ्यांची डबी त्याच दिवशी आयलीच्या पर्समध्ये गेली.

मार्च सरता सरता एक स्वेटर उतरला, मग दुसरा. एका रविवारी चर्चच्या पायरीवर तिने सेल्माला नावाने हाक मारली. एवढ्यावर थांबली नाही, सेल्माच्या बहिणी, भाचे आणि मेलेली दोन्ही कुत्री, सगळ्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवली! वाइनो तिकडे तोंड फिरवून डोळे पुसत होता.

पुढच्या तपासणीला आयलीचा थायरॉइडचा आकडा जागेवर आला. वाइनो मात्र तेवढ्या वेळात खोलीभर येरझाऱ्या घालून, खुर्चीचा पाय ठोकून बेसिनचा नळ आवळायला लागला होता.

"मागच्या वेळी मी यांचंही रक्त घेतलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सतत घाम, एका जागी बसणं नाही, बोलणं थांबत नाही. थायरॉइड जास्त धावत असलं तरी असं होतं. पण यांचं अगदी व्यवस्थित आहे."

आयलीचा चेहरा पडला.

"म्हणजे याच्यासाठी गोळीच नाही?"